मंगळावर अनवाणी

"तेवढे चार सेकंद काप, मग लावतो," गणराज सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉपवर फिल्म तिथंच थांबवली.

समोर मंगळ होता. म्हणजे जांभ्याची खाण, चिरे काढून काढून लालभडक झालेली. मधोमध यान. म्हणजे चंदरकाकाची होडी, पत्र्याखाली लावतात त्या चंदेरी कागदात गुंडाळलेली. आणि यानात चढता चढता थांबलेली अंतराळवीर, म्हणजे रुचिताची आते, आवडाबाई. एक गमबूट काढून हातात घेतलेला, दुसरा निघतोय.

"मंगळावर बूट काढले तर माणूस जगेल का?"

"नाय," रुचिता म्हणाली.

"मग?"

"मग काय? काढले तिने."

सर हसले. "हा विज्ञानाच्या फिल्मांचा महोत्सव आहे, बाळ. अख्ख्या अलिबागच्या शाळा आल्यात. मुलं चुकीचं काहीतरी शिकून जातील. बाकी फिल्म झकास आहे, खरंच. तेवढं कापलंस तर पहिली येशील. शाळा कुठली तुझी?"

"नाय शाळा. नववीतच सोडली."

"हं," सर म्हणाले.

त्या 'हं'नं रुचिताचं डोकं सणकलं.

खरं तर शूटिंगच्या दिवशी तीच आतेवर खेकसली होती. "आते, बूट कशाला काढलेस? मंगळ हाय हा!" तर आते उलट तिच्यावरच डाफरली, "मंग काय पायतान घालून होरीत चढू?" पायात काही घालून होडीत जन्मात कधी चढली नव्हती ती. होडीला हात लावला, तो कपाळाला लावायला गेली, तर मध्ये हेल्मेट. हेल्मेटलाच टेकवला. पुन्हा शूट करायच्या आत खाणवाल्यानं सगळ्यांना हाकललं. रुचिता घरी येऊन ते कापायलाच बसली होती. पण बघता बघता तिच्या लक्षात आलं, अख्ख्या फिल्ममध्ये तेवढ्या चार सेकंदांतच कुणी नाटक करत नाहीये.

आता आते तिच्या मागंच उभी होती. कडक इस्त्रीचं लुगडं, केसात अबोलीची वेणी. गल्लीतल्या चार बायांना एसटीत घालून घेऊन आलेली, मी मंगळावर गेलेय ते बघायला चला म्हणून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काप गो बाय," ती हळूच म्हणाली. "चूक माझीच हाय. एवढी पोरं हसतील. माझ्यापायी तुझा नंबर नको जायला."

"तू गप बस, आते."

"सर शिकलेले हाईत, ते काय उगाच–"

"गप बस म्हटलं ना!"

सरांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं देतो. कापून आण, नाहीतर पुढची फिल्म लावतो."

रुचिता मोबाइल घेऊन बाहेर पायरीवर बसली. आतेची टाच स्क्रीनवर दिसत होती, रुंद, भेगा पडलेली, लाल धुळीत टेकलेली. तिनं कापायच्या खुणेवर बोट नेलं. एक दाबलं की संपलं. पहिला नंबर. मग सरांचा 'हं' त्यांच्याच घशात गेला असता.

तिनं बोट उचललं आणि वेग कमी करायची खूण दाबली. चार सेकंदांचे बारा झाले.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं." तिनं मोबाइल लॅपटॉपला जोडून दिला. "लावा."

"कापलंस ना?"

"लावा तर खरं."

मागून पुढच्या फिल्मवाले घाई करत होते. सरांनी लावली. दिवे गेले. लाल मंगळ भिंतभर पसरला आणि पोरं ओरडली, "ओऽऽ!" यान आलं, अंतराळवीर आली. मग ती वाकली. हळू, खूप हळू तिनं एक बूट काढला. मग दुसरा. पहिल्या रांगेत कुणीतरी खिदळलं, मग दुसऱ्या रांगेत, मग सगळा हॉल हसत सुटला. "अरे मेली ती, मेली!" एक पोरगा ओरडला.

रुचिताचे कान तापले. पण ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली, हलली नाही.

सरांनी तिच्याकडे असं बघितलं की बस. मग माइक उचलून तरातरा पुढे गेले, थेट भिंतीसमोर. "मुलांनो, इथे एक मोठी चूक आहे. नीट लक्ष द्या. मंगळावर हवेचा दाब–"

सरांची काळी सावली भिंतीवर पडली, अंतराळवीराच्या गुडघ्यापासून खाली सगळं झाकून.

मागच्या रांगेतून आवाज आला. मासळी बाजारात या टोकाचा त्या टोकाला पोचतो तो आवाज.

"ओ सर, बाजूला व्हा जरा! माझे पाय झाकताय तुमी."