शनिवारचा लाडू

"आई, काच वर कर! इथे प्राण्यांना खायला घालायचं नसतं," गाडी चालवणारी केतकी ओरडली. तिला सहावा महिना होता.

प्रमिलाताईंचा हात तोवर बाहेर गेलाही होता. आफ्रिकेतल्या त्या अभयारण्याच्या रस्त्यावर, एका वळणावर एक बबून माकडीण पोटाशी पिल्लू धरून थेट त्यांच्या दारापाशी येऊन बसली होती.

"अगं, आज शनिवार! साक्षात मारुतीराया दारात आलाय, तोही लेकुरवाळा. रिकाम्या हाताने कसा पाठवू?"

लेकीच्या डोहाळजेवणासाठी साताऱ्याहून आणलेला बेसनाचा लाडू त्यांनी माकडिणीच्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. दोनदा रिकामी झालेली लेकीची कूस या खेपेला तरी सुखरूप राहू दे, एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी परतताना त्याच वळणावर गाड्या खोळंबल्या होत्या. तीच माकडीण कुणाच्या तरी गाडीच्या उघड्या खिडकीतून आत शिरली होती. आतल्या बाळाच्या हातातलं बिस्कीट ओढताना तिने त्याचा गाल फाडला होता. रक्षकाने तिला जागच्या जागी गोळी घातली होती.

"माणसाच्या हातून एकदा खायला मिळालं की त्यांची भीती जाते," रक्षक केतकीला सांगत होता. "मग आम्हाला मारावंच लागतं."

रस्त्याकडेला दुसरा रक्षक पिल्लाला ओढून काढत होता. ते आईला सोडत नव्हतं.

प्रमिलाताईंनी न राहवून लेकीच्या पोटावर हात ठेवला.

केतकीने तो उचलून बाजूला केला.