सुरईतला हात

संग्रहालयातल्या बाईंनी कुंदाच्या हातावर मनगटाच्या वरपर्यंत येणारा पातळ मोजा चढवला. "घाबरू नका हं. घडवणाऱ्याचा हात ओल्या मातीला जसा लागला, तसाच तुम्हाला जाणवेल."

काचेपलीकडे सुरई होती आणि खाली पाटी: भिवा कुंभार. हे कुंदाचे वडील; ती पाळण्यात असतानाच ते गेले. त्यांचा हात कसा होता, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मोज्यात हालचाल सुरू झाली. अंगठा मातीत रुतला, बोटं कड वर ओढू लागली. किती हलका हात! कुंदाला हसूच आलं. मग हात सुरईच्या अरुंद मानेत शिरला, आणि तिच्या मनगटावर काहीतरी गोल, टणक घासलं. एकामागून एक.

"अहो, हे बांगड्यांसारखं काय लागतंय?"

"बिघडला असेल मोजा," बाई म्हणाल्या. "पुरुषाच्या हातात बांगड्या कुठल्या?"

कुंदाने वळून सोबत आलेल्या आईकडे पाहिलं. त्यांच्या घरात बायकांनी चाकाला शिवायचं नाही, असा दंडक होता. चुकून कुणाचा हात लागलाच, तर आजोबा चाक धुऊन घेत.

आई बाकावर बसून सुरईकडे एकटक बघत होती. तिचा हात आपसूक दुसऱ्या, रिकाम्या मनगटावर गेला आणि तिथे नसलेलं काहीतरी तिने कोपराकडे सारलं.

"तुझ्या बाबांना फार ताप होता गं," ती हळूच म्हणाली. "घाईत बांगड्या वर सारायच्या राहिल्याच बघ."