निम्म्या भावात

गौरींच्या खरेदीसाठी दुकानात बायकांची झुंबड उडाली होती. तेवढ्यात डोक्यावरची जुनी तुळई करकरली आणि दत्तूशेटच्या खांद्यावर माती सांडली.

आरडाओरडा केला तर एवढ्याशा दारात चेंगराचेंगरी होणार. त्यानं बांगड्यांचा खोका बाहेरच्या ओट्यावर नेऊन हाळी दिली, "या गं बायांनो, इथं निम्म्या भावात!"

बायका हसत बाहेर पडल्या. गल्ल्यावर बसलेली त्याची बायको रखमा मात्र हलेना. "डोकं फिरलं का तुमचं?"

त्यानं आत जाऊन तिचा दंड धरला. "वर बघू नकोस. चल."

दोघं बाहेर पडतात तोच माळा कोसळला. धुळीत काही दिसेना. रखमा एकेकीला नावानं हाका मारू लागली. शेवटच्या बाईनं ओ दिली, तेव्हा कुठे दत्तूशेट भर पेठेत मटकन खाली बसला.