पांढरी घोडी पुढे

खानाचे घोडे नेले ते भर दुपारी, चांगला आरडाओरडा करत. चोरीछुपीचं काही नव्हतंच त्यात. म्हाताऱ्या तोक्तारच्या टोळीच्या स्वारांनी सगळा कळप ओढ्यापलीकडे हाकून नेला. दुधाला एक घोडी आणि बसायला एक घोडा तेवढा मागे ठेवला. जाता जाता खानाच्या बायकोला वाकून सलामही केला. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही.

या गवताळ मुलखात खान चुकला की त्याला असंच सांगतात. पुढचंही ठरलेलं असतं. खानाने कंबरपट्टा सोडून तंबूबाहेर यायचं, जमिनीवर बसायचं आणि विचारायचं, "माझं काय चुकलं?" टोळीतला वडीलधारा ते सांगतो. खान चूक दुरुस्त करतो. मग पांढरी घोडी पुढे घालून कळप परत येतो, मेंढा कापला जातो आणि विषय मिटतो. सार्सेन खानाचा बाप दोनदा असा बसला होता, तरी मरेपर्यंत लोक त्याच्याच नावाने शपथा घेत.

सार्सेन मात्र बसला नाही. काय चुकलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, हीच तर पंचाईत. तोक्तारच्या टोळीची हिवाळी कुरणं त्याने आपल्या मेव्हण्याला देऊन टाकली होती. आता चारचौघांत खाली बसून तेच ऐकायचं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने नदीकाठच्या रशियन किल्ल्यावर माणूस धाडला. टोळ्यांनी बंड केलंय, रशियाच्या पांढऱ्या पातशहाने मला आपल्या छत्राखाली घ्यावं, असा निरोप दिला. बंड हा शब्द त्याने विचार करून निवडला होता. नुसते घोडे नेले म्हटल्यावर कुठला पातशहा तोफा पाठवतो?

दुसऱ्या दिवशी म्हातारा तोक्तार स्वतः येऊन तंबूसमोर बसला.

"सार्सेन, बाळा, बाहेर ये. विचार आणि मोकळा हो. घोडे तुझे, पण संपतंय ते गवत माझं."

सार्सेनने तंबूचा पडदा आतून बांधून घेतला. म्हाताऱ्याने बराच वेळ वाट पाहिली, गुडघे चोळले आणि तो निघून गेला. नंतरही तो येतच राहिला. गवत पिवळं पडलं. किल्ल्यावरून कुणी आलं नाही. सार्सेनला कधी वाटे, निरोप पोचलाच नसावा. असं वाटलं की त्याला बरंही वाटे, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटे.

एका सकाळी त्याची बायको कुनसुलू वाटीत घोडीचं आंबवलेलं दूध ओतत म्हणाली, "घ्या. एका घोडीच्या दुधावर एवढंच खानपण निघतं."

"टोमणे पुरे."

"टोमणा नाही, बातमी सांगतेय. काल मी तोक्तारबाबांपुढे जाऊन बसले. विचारलं त्यांना, काय चुकलं म्हणून."

सार्सेनची वाटी हातातच राहिली. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"भाऊ माझा. कुरणं त्याला मिळाली. मग बसायचं कुणी? कुरणं परत केली म्हणून सांगून आले. आज घोडे आणतायत ते. मेंढा कुठला कापायचा तेवढं तुम्ही सांगा."

सार्सेन तोंड उघडणार तोच टेकडीमागून ढोल वाजला. असला ढोल या मुलखात कुणाचाच नव्हता. तो वाटी टाकून धावला, उरलेल्या एकुलत्या घोड्यावर बसला आणि टेकडीवर पोचला.

वर किल्ल्यावरचा रशियन मेजर उभा होता. तोफा लावून झाल्या होत्या. ओढ्यापलीकडून धुळीचा लोट येत होता, आणि धुळीत स्वारच स्वार.

दुभाष्या म्हणाला, "वेळेवर आलात, खानसाहेब. मेजरसाहेब विचारतायत, बंडखोर हेच ना?"

धुळीच्या तोंडाशी पांढरी घोडी होती. तिच्या शेजारी वाकून बसलेला तोक्तार. सार्सेनला सगळं लख्ख दिसलं. नुसती मान हलवली की तोक्तार संपला, कुरणांचा तंटा संपला. पुन्हा कुणी त्याच्या दारात गुडघे चोळत बसणार नव्हतं. आणि नाही म्हटलं तर पातशहाच्या फौजेला खोटं सांगून इथवर आणल्याची शिक्षा. बेड्या घालून उत्तरेच्या बर्फात नेलेले सुलतान त्याला माहीत होते. त्याला भीती वाटली.

गोलंदाजाने पलिता पेटवला.

सार्सेन घोड्यावरून उतरला. कंबरपट्टा सोडून त्याने गळ्यात टाकला आणि तो तोफेच्या तोंडासमोर जाऊन जमिनीवर बसला.

"बंड झालंच नाही. ते माझे घोडे परत आणतायत. मी खोटं बोललो. माझं काय करायचं ते करा, पण त्यांना हात लावू नका."

दुभाष्याने ते चाचरत सांगितलं. मेजरने ऐकलं, भुवया उंचावल्या आणि तो चक्क हसला. सार्सेनला हात धरून त्याने उठवलं.

"रागावले नाहीत ते," दुभाष्या म्हणाला. "म्हणतात, उत्तमच झालं. दारूगोळा वाचला."

तोफांवर कापडं चढली. मेजरने मागे वळून काही हुकूम सोडला आणि शिपाई गाड्यांकडे पळाले. एवढ्यात तोक्तार वर आला. पांढऱ्या घोडीचा दोर त्याने सार्सेनच्या हातात दिला आणि पाठीवर थाप मारली.

"तुझ्या बायकोनं लाज राखली बघ. मेंढा मोठा काप, पाहुणे पुष्कळ दिसतात. कधी जाणार म्हणे हे?"

सार्सेन गाड्यांकडे पाहत होता. शिपायांनी आधी भिंतींसाठी तासलेले ओंडके खाली टाकले. मग वाळल्या गवतात गुंडाळलेल्या खिडक्यांच्या काचा, एकही तडकू नये अशा बेताने, एकेक करून उतरवायला घेतल्या.