यादीबाहेरचा पंप

"हा पंप आपल्या यादीत नाही," धाकटी म्हणाली आणि तिने तो टेबलावरून दादाकडे सरकवला.

वर्कशॉप दोघा भावंडांचं. दादा विमान कंपन्यांकडून कामं आणायचा, धाकटी तपासनीस. तिच्या सहीशिवाय विमानाचा कुठलाही भाग बाहेर पडत नसे. तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं कारागीर म्हणत. ती समोर नसताना आणखी बरंच काही म्हणत. कोणते भाग दुरुस्त करायचा परवाना आहे, याची यादी तिने टेबलाच्या काचेखालीच ठेवली होती. या पंपाचे एक, दोन आणि चार नंबरचे प्रकार त्या यादीत होते. समोरचा तीन नंबरचा होता.

"एका आकड्याचा तर फरक," दादा म्हणाला.

"आतलं तेल अडवणारं रबरी सील वेगळं असतं. ते तपासायचं यंत्रच नाही आपल्याकडे."

"मग न नोंदवता परत पाठवू. कुणाला कळायचंही नाही."

धाकटीचं डोकं तडकलं. कामासाठी दादा कुणाच्याही दारात तासन् तास बसे, पण लपवाछपवी त्याने कधी केली नव्हती. आज सकाळपासून त्याचा एक हात खिशात होता आणि पुढ्यातला चहा तसाच निवला होता.

तिने पंप उलटा केला. सील फाटलेलं होतं, शिवाय चुकीचंही. दोन नंबरचं सील तीन नंबरच्या पंपात कोंबलं होतं. मागच्या दुरुस्तीचं कार्ड जिथे बांधतात, तिथे नुसता दोरा लोंबत होता.

"हा हवेत बंद पडला ना?"

"चाकं खाली येईनात. शेवटी वैमानिकानं हातानं उतरवली." दादा तिच्याकडे बघत नव्हता. "नव्वद माणसं होती. सगळी सुखरूप आहेत."

तिने पंप खाली ठेवला. "आणि तू हे गुपचूप परत पाठवायला निघालास? ज्यानं हा पास केला, तो उद्या आणखी एक करेल."

"चुकतं माणूस एखाद्या वेळी. चित्त थाऱ्यावर नसेल त्या दिवशी."

"आई गेली तेव्हा मी एक दिवस रजा घेतली नाही, दादा. दुसऱ्या दिवशी सकाळी याच खुर्चीत होते. मला नको सांगूस."

दादाने खिशातला हात बाहेर काढता काढता पुन्हा आत घातला.

तिने कॉम्प्युटर पुढे ओढला आणि विमान खात्याला तक्रार लिहायला घेतली.

"लिहू नकोस. एवढं एकदा ऐक माझं."

"तुझं ऐकायचं तर मी इथं बसू कशाला?"

शेवटचं वाक्य तिने मोठ्याने वाचत लिहिलं. "ही दुरुस्ती ज्याच्या सहीने पास झाली, त्याचा सहीचा अधिकार कायमचा काढून घ्यावा." मग तिने तक्रार पाठवून दिली. तिला हलकं वाटलं.

"आता ते कार्ड दे. कुठल्या वर्कशॉपचं आहे, तेही कळवायला हवं. तुझ्याकडेच आहे ना?"

दादाने खिशातून हात काढला. कार्ड घामाने मऊ पडलं होतं. त्याने ते काचेवर, यादीच्या वरच ठेवलं.

तारीख आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. खाली धाकटीची सही होती.