रेषेबाहेरचा अर्धा तास

“पंचाच्या घरी खेळाडूच्या बायकोनं येऊ नये, बाई.” रमाकांत उंबरठ्यातच उभे राहिले.

चंदा पायरीवरून हलली नाही. खडोलीपासून ती चालत आली होती. पावलांवर धुळीचे मोजे चढले होते. “सर, तुम्ही पाह्यलं ना वो? आतमधीच व्हते ना ते?”

“गोल बाद झाला. विषय संपला.”

“गोल जाऊ द्या चुलीत! आत व्हते, येवढंच लिहून द्या. रातभर घरी नाही आले ते, त्यांना...”

“तोंड लपवून बसल्यानं निर्णय बदलत नसतो. सांग त्याला.” रमाकांतांनी दार लावून घेतलं.

“अहो, निदान ऐकून तरी घ्यायचं,” मंगला आतून म्हणाली.

“ऐकायला लागला की पंच उरत नाही.”

शाळेत खेळ शिकवता शिकवता बारा वर्षं सरली होती. मुंबईच्या मोठ्या स्पर्धांसाठी पंचांची यादी निघत होती आणि तिच्यात प्रथमच त्यांचं नाव होतं. कालच्या सामन्याची तक्रार समितीकडे गेली होती. निर्णय चुकीचा ठरला, तर ते नाव ओल्या पाटीवरच्या अक्षरासारखं पुसलं जाणार होतं.

खडोलीच्या मैदानावर कारखान्यांच्या चषकाचा अंतिम सामना. पाच नंबरचा गोकुळ, चंदाचा नवरा, कापडाच्या मागांच्या खात्यातला धुळ्याकडचा कामगार, चार वीसला गुडघा फुटून रेषेबाहेर गेला. दोन मिनिटांत फडकं बांधून तो रेषेशी उभा राहिला आणि त्यानं रमाकांतांकडे पाहिलं. चेंडू दुसऱ्या टोकाला होता. रमाकांतांची मान हलली. गोकुळ आत आला.

पुढं खेळ रंगला. पलीकडच्या झाडांमागून धूर उठला, तेव्हा गोकुळ त्यांच्याच डोळ्यांपुढून चेंडू नेत होता. एप्रिलात शेतांत पालापाचोळ्याचा राब भाजतात. धुराकडे कोण पाहतो? शेवटच्या मिनिटाला त्यानं गोल मारला आणि प्रतिपक्ष ओरडत धावून आला, “परवानगी कुठं होती? खूण कुणी पाहिली?”

कुणीच पाहिली नव्हती. खूण हातानं, साऱ्या मैदानाला दिसेल अशी करायची असते. मान हलवणं ही खूण नव्हे. ते कबूल करायचं, की गोल बाद करायचा? रमाकांतांनी शिट्टी वाजवली. घरी येऊन वळणदार अक्षरांत अहवाल लिहिला. हललेल्या मानेला त्यात जागा नव्हती.

दुपारी एक गृहस्थ आले. साधा सदरा, पायांत लखलखीत तपकिरी बूट. बूट दाराशी काढून ते अदबीनं बसले.

“कालच्या सामन्याबद्दल आलोय, मास्तर.”

समितीनं माणूस धाडला तर! रमाकांतांनी अहवाल पुढं केला.

“पाच नंबरवाला. आत होता की बाहेर?”

“बाहेर.”

“पण पोरं म्हणतात, शेवटपर्यंत खेळला.”

“पोरं पाय पाहतात, साहेब. मी नियम पाहतो. एकदा बाहेर गेलेला खेळाडू पंचाच्या खुणेवाचून परतला, तर तो परतलाच नाही. त्या चेंडूला त्याचा स्पर्श नाही, त्या मैदानावर त्याची सावली नाही.”

“छान बोलता.” गृहस्थ हसले. “म्हणजे चार वीस ते चार पन्नास?”

“मैदानाबाहेर.”

“तेवढं एका ओळीत लिहून द्या. सहीनिशी. बाकी सगळे त्याच्याच चाळीतले. त्यांचा शब्द कोण धरतो? तुमचा कागद मात्र कुठंही टिकेल.”

कुठंही टिकेल. रमाकांतांना बारा वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. क्षणभर गोकुळची ती रेषेवरची नजर आडवी आली. त्यांनी टाक उचलला आणि लिहिलं. खाली सही ठोकली.

गृहस्थांनी शाईवर फुंकर घातली, घडी खिशात सरकवली आणि ते बूट चढवायला वाकले.

“मग गोल बादच समजायचा ना?” रमाकांतांनी हळूच विचारलं.

“कसला गोल?” बुटाची नाडी आवळत ते म्हणाले. “काल साडेचारला कारखान्याचं गोदाम कुणीतरी पेटवलं, पहारेकरी आतच जळाला. परवाच त्याच्याशी भांडलेला तुमचा हा पाच नंबर रात्रभर चौकीत आमच्यापुढं एकच घोकत होता, ‘मी मैदानात होतो, सरांना विचारा.’”