आतली कडी

“बाबा, कडी आतून लावायची आहे. बाहेरून नाही,” लेक म्हणाली.

कुलूपवाल्याने कपाळावर हात मारला. एवढ्या वर्षांत लेकीने बापाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे! उद्या शहर गुन्हेमुक्त होऊन दहा वर्षं पुरी होणार होती. भर चौकात सत्कार होता आणि यादीत पहिलं नाव त्याचं होतं. कारण घरोघरची कुलपं त्यानेच उतरवली होती. हुकूम फक्त रस्त्याकडच्या दारांचा होता, पण याचा उत्साह दांडगा. आतल्या खोल्यांच्या कड्यासुद्धा त्याने उपटून काढल्या. ‘चोरच नाही तर कडी कुणासाठी?’ असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. लेकीचं लग्न झालं तेव्हा जावयाच्या या घरात उरलेल्या दोन कड्याही त्याने स्वतःच्या हाताने काढल्या. जावई खूश झाला होता. तो शहराच्या तक्रार कचेरीचा प्रमुख. दहा वर्षांत त्याच्या टेबलावर एक तक्रार आली नव्हती.

“कुणी पाहिलं तर उद्या माझी शोभा होईल,” कुलूपवाला कुरकुरला. “आणि जावईबापूंना चालणार आहे का हे?”

“ते सहाला येतात. तुम्ही त्याच्या आत लावा.”

खोली नातीची होती. सहा वर्षांची नात पलंगावर बसून आजोबांची हत्यारं पाहत होती. एरवी प्रश्न विचारून डोकं खाणारी पोर आज गप्प होती. लेक मुठीत स्क्रू घेऊन शेजारी उभी राहिली. तिचा दुसरा हात ओढणीत गुंडाळलेला होता.

“हाताला काय झालं गं?”

“दार लागलं.”

“मागच्या महिन्यातही दारच लागलं होतं. लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच!” तो हसला. लेक हसली नाही. त्याच्या मनात शंका आली. शेजारीपाजारी कुणी टवाळ तर नसेल? आपल्या शहरात? शक्यच नव्हतं. तरी त्याने आवाज खाली आणून विचारलं, “कुणाचा त्रास आहे का तुला? असेल तर सरळ तक्रार कर. अधिकारी तर घरातलाच आहे.”

लेकीने मूठ उघडून स्क्रू पुढे केले.

घड्याळात साडेपाच झाले होते. कुलूपवाल्याने दार लोटून घेतलं. कडी लावायची ती मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. चाळीस वर्षांच्या सवयीने त्याला माप घ्यावं लागत नसे. त्याने पेन्सिलीने खूण केली आणि भोक पाडायला गिरमिट टेकवलं.

नात पलंगावरून उतरली. दाराशी येऊन तिने टाचा उंचावल्या, हात ताणला. बोटं खुणेच्या बरीच खाली राहिली.

“एवढ्या वर नको आजोबा,” ती म्हणाली. “आई बाहेरच थांबते. कडी मलाच लावायची आहे.”